क्लोरीनचा एकही सिलिंडर नसलेल्या गोदामात क्लोरीन आला कुठून? वाळूजच्या एका युनिटचं प्रकरण

आधी युनिट कसलं आहे ते सांगतो. नाव सांगणार नाही, आणि वाळूज एमआयडीसीत अशी युनिटं बरीच आहेत, त्यामुळं कुणाला वाचताना आपलंच वाटलं तर वाटू द्या. इथं केमिकल बनत नाही, ब्लेंडिंग आणि रिपॅकिंग चालतं. डेअऱ्या, बिअरच्या फॅक्टऱ्या, साखर कारखाने यांना टाक्या आणि पाईपलाईन धुवायला जे केमिकल लागतं ते, आरओ प्लांटवाल्यांना ॲसिड, आणि ग्रामपंचायतींना पिण्याच्या पाण्यात टाकायला टीसीएल पावडर, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. माल टँकरनं, टेम्पोनं येतो, मोठ्या आयबीसी टाकीतनं, म्हणजे हजार लिटरच्या चौकोनी टाकीतनं, नाहीतर बॅरलमधनं छोट्या कॅनमध्ये भरला जातो आणि जातो. प्लॉट लहान, शेड एकच, माणसं बहुतेक ठेकेदाराची, जालना-परभणीकडची पोरं, त्यातली काही तिथंच राहणारी.

मे महिना होता. संध्याकाळी उशिरा हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या कारबॉयचा, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या कॅनांचा, टेम्पो आला. यायला पाहिजे होता दुपारी. केमिस्ट घरी गेलेली, स्टोअरवाला निघायच्या घाईत, ड्रायव्हरला रात्रीतच परत निघायचं. ॲसिडच्या बेमध्ये, म्हणजे शेडमधल्या त्याच्या ठरलेल्या कप्प्यात, जागा नव्हती, कारण तिथं रिकामे कारबॉय परत पाठवायचे म्हणून साचून पडलेले. मग हमालांनी विचारलं कुठं लावू, आणि स्टोअरवाल्यानं सांगितलं आजची रात्र हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईटच्या, बेसमोर लावा, सकाळी हलवू. हे त्यानं निष्काळजीपणानं सांगितलं असं मी म्हणणार नाही, कारण त्याचं कारण मी त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "साहेब, दोन्हीवर तोच स्टिकर हाय ना, हातावर अन पट्टीवर थेंब पडल्याला. सारखा स्टिकर म्हणल्यावर एका जागी ठिवायला काय हरकत?"

यावर पुढं येतो, कारण सगळ्या प्रकरणाचा जीव इथंच आहे.

रात्री एकच्या सुमाराला खालच्या थरातला एक कारबॉय तडकला. कारबॉय जुने, उन्हात राहून प्लास्टिक कडक झालेलं, आणि एकावर एक असे दोन थर लावलेले. ॲसिड फरशीवर आलं. फरशी शहाबादी. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, त्याच्यावर हायड्रोक्लोरिक पडलं की फसफसून दगडच खाल्ला जातो, आणि या शेडमध्ये तर फरशीचे सांधे आधीच्या गळतीनं केव्हाच पोकळ झालेले. ॲसिड सांध्यातनं उतरलं आणि मधल्या नालीत आलं. ही नाली अख्ख्या शेडला एकच, सगळ्या बेसमोरून जाते आणि मागं ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, खड्ड्यात पडते. त्याच नालीत हायपो भरायच्या नळाखालच्या ट्रेचं पाणी सोडलेलं होतं, नेहमीच सोडायचे, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ही शाळेतली केमिस्ट्री आहे आणि शेडमधल्या भिंतीवर तसा इंग्रजी तक्ताही लावलेला होता.

वॉचमनला वासानं जाग आली. त्यानं लोडिंगच्या एका पोराला उठवलं, आणि त्या पोरानं जे केलं ते शिकवलं तसंच केलं. ॲसिड सांडलं की चुना टाकायचा, एवढं त्याला पक्कं सांगितलेलं होतं. चुन्याची पोती भिंतीला असतात हेही त्याला माहीत होतं. अंधारात त्यानं पोतं ओढलं, फोडलं आणि ॲसिडच्या धारेवर पसरलं. ते पोतं टीसीएलचं होतं. पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतींच्या ऑर्डरी येतात म्हणून मेमध्ये टीसीएलचा स्टॉक वाढवलेला, शेवटची खेप चुन्याच्या थप्पीलाच चिटकून लावलेली, आणि दोन्ही पावडरी पांढऱ्या, पोतीही जवळजवळ सारखीच. "पांढरी पावडर म्हणल्यावर चुनाच वाटला, मला काय म्हाईत," असं तो नंतर म्हणत होता. त्याचं काय चुकलं, सांगा बरं.

नालीतला क्लोरीन थोडा होता, तो कदाचित वाऱ्यानं निघूनही गेला असता. पोतं पडल्यावर मात्र हिरवट पिवळा धूर जमिनीलगत पसरला. वॉचमन आणि ते पोरगं खोकत, डोळे चोळत गेटबाहेर आले, दोघांना दवाखान्यात रात्रभर ठेवून घेतलं. ठेवून घेतलं हे फार बरं झालं, कारण क्लोरीन फुप्फुसात गेल्यावर माणूस तासाभरात बरा वाटतो आणि पुढच्या काही तासांत फुप्फुसात पाणी होऊ शकतं, त्यामुळं बरं वाटतंय म्हणून घरी सोडणं धोक्याचं. दोघेही सुखरूप घरी गेले.

बाकीची पोरं गच्चीवर झोपलेली. उन्हाळ्यात आपल्याकडं सगळेच झोपतात. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, तो खालीच राहिला, म्हणून वरची माणसं वाचली. पण गच्चीवरनं खाली यायचा जिना शेडच्या आत उतरतो. आरडाओरडा ऐकून ती पोरं खाली यायला निघालीच होती, आणि वॉचमननं गेटबाहेरनं ओरडून त्यांना वरच थांबवलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते तर या जिन्याची. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे याच वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले ६ कामगार गेले, ते इथं कुणी विसरलेलं नाही. माणसं आत झोपतात ही इथली वस्तुस्थिती आहे, ती धरूनच गोदामाचा विचार करावा लागतो.

मला बोलावलं ते नंतर. मालक माणूस चांगला, लपवाछपवी करणारा नाही, पण पहिलंच वाक्य असं, "अहो, आपल्याकडं क्लोरीनचा एक सिलिंडर नाही, आमच्या लायसनच्या यादीत क्लोरीन नाही, मग क्लोरीनची केस कशी?" ही समजूत मी किती ठिकाणी ऐकली आहे. माणूस स्टॉक रजिस्टर बघतो आणि त्यात जे लिहिलंय तेवढाच धोका आपल्याकडं आहे असं धरून चालतो. रजिस्टरमध्ये हायपो आहे, ॲसिड आहे, टीसीएल आहे, क्लोरीन नाही. पण दोन ओळी एकमेकांना भेटल्या की तिसरी तयार होते आणि ती रजिस्टरमध्ये कधीच येत नाही.

मी त्यांच्यापुढं कागदावर हिशोब मांडला. बाजारातल्या चांगल्या हायपोत लिटरमागं साधारण १२० ग्रॅम उपलब्ध क्लोरीन असतो. भरपूर ॲसिड मिळालं तर तेवढा सगळा वायू होऊन निघतो, म्हणजे सुमारे ४० लिटर वायू. क्लोरीनची जी पातळी जीवाला तात्काळ धोकादायक मानतात ती हवेत दहा लाख भागांत १० भाग. म्हणजे ४० लिटर वायू ४००० घनमीटर हवा त्या पातळीला न्यायला पुरतो. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, दहा मीटर उंच शेड म्हणजे ४००० घनमीटर. एक लिटर हायपो. आणि टीसीएल जर ३३ टक्क्यांची असेल तर एका किलोतनं याच्या पावणेतीन पट. मालक बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले, आणि मग स्वतःच म्हणाले की हायपो तर आपण हजार लिटरच्या टाकीत ठेवतो.

आता स्टिकरचं. वाहतुकीच्या वर्गीकरणात हायपो वर्ग ८, म्हणजे क्षयकारी. हायड्रोक्लोरिक ॲसिडही वर्ग ८. कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, तेही वर्ग ८. हायपोचा यूएन नंबर १७९१ आणि हायड्रोक्लोरिकचा १७८९, नुसते दोन आकडे इकडे तिकडे. सगळ्यांवर तेच चित्र. हे चित्र रस्त्यावर अपघात झाला तर फायरब्रिगेडला माल काय आहे ते सांगायला आहे, गोदामात शेजारी कोण बसवायचा ते ठरवायला नाही. समुद्री वाहतुकीच्या नियमांमध्ये म्हणूनच वर्गाच्या वर आणखी गट पाडलेत, आम्लांचा वेगळा, हायपोक्लोराईटांचा वेगळा, अल्कलींचा वेगळा. पण आपल्याकडं टेम्पो-गोदामाच्या पातळीवर स्टिकर जुळला की माल जुळला असं चालतं.

याच्या उलट चूकही होते. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डजवळ लो मूर इथं अलाईड कोलॉइड्सच्या गोदामाला २१ जुलै १९९२ ला मोठी आग लागली, तिथं एझेडीएन नावाचं, उष्णतेनं फुटणारं केमिकल कंपनीच्या यादीत चुकून ऑक्सिडायझर म्हणून धरलं गेलं आणि सोडियम परसल्फेटसारख्या खऱ्या ऑक्सिडायझरांच्या खोलीत ठेवलं गेलं. खोली वेगळी होती, दारं होती, नियम होता. गट चुकला म्हणून नियमानंच दोघांना एकत्र आणलं. म्हणून मी युनिटमध्ये पहिलं काम भिंत बांधायचं सांगितलं नाही. पहिलं काम, प्रत्येक मालाचं एसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक, काढून त्यातला विभाग १० वाचायचा, स्थिरता आणि अभिक्रियाशीलतेचा, आणि मग विभाग ७, साठवणुकीचा. एसडीएस ठेवणं १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार बंधनकारकच आहे, ती फाईल त्यांच्याकडं होतीही, फक्त ती ऑडिटला दाखवायची फाईल होती.

केमिस्ट मुलगी हुशार निघाली, तिनं दोन दिवसांत सगळी यादी लावली, आणि ती लावताना अशा गोष्टी सापडल्या की माझ्याही मनात नव्हत्या. ॲसिडच्या बेमध्ये नायट्रिक आणि ग्लेशियल ॲसेटिक शेजारी होते. दोन्ही ॲसिड, म्हणून एका ओळीत. पण नायट्रिक हे जोरदार ऑक्सिडायझर आणि ग्लेशियल ॲसेटिक हे जळणारं, त्याचा फ्लॅश पॉईंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो, ४० अंशांच्या आसपास, आणि मेमध्ये त्या पत्र्याखाली ४० अंश म्हणजे काहीच नाही. नायट्रिक सांडलं तर टाकायला म्हणून कोपऱ्यात लाकडाचा भुसा ठेवलेला, नायट्रिकवर भुसा टाकणं म्हणजे आगीला बोलावणं. हायड्रोजन पेरॉक्साईडचे कॅन लाकडी पॅलेटवर. आयपीएचे, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे बॅरल पेरॉक्साईडच्या पाठीला पाठ लावून, त्याचा फ्लॅश पॉईंट १२ अंश, म्हणजे इथं जवळजवळ वर्षभर त्याची वाफ पेट घ्यायला तयारच. हायपोच्या बेमध्येच क्वॉटचे, म्हणजे एका जंतुनाशकाचे, कॅन आणि अमाईनवाले क्लीनर, अमाईनचा हायपोशी संबंध आला तर विषारी क्लोरामाईन.

मग शेडमध्ये फिरलो ते खडू घेऊन. प्रत्येक बेमध्ये एक कॅन पूर्ण फुटला असं धरायचं आणि द्रव कुठं जाईल ती रेघ ओढायची. थोडं पाणी ओतून खात्री करायची. तासाभरात फरशीवर सगळ्या रेघा त्या एका नालीत आल्या. भिंती मधे होत्या, छातीएवढ्या पार्टिशनच्या, रंगवलेल्या, पाट्या लावलेल्या, आणि सगळ्यांच्या खालनं नाली एकच. कागदावर या युनिटमध्ये सेग्रिगेशन, म्हणजे न जमणारा माल वेगळा ठेवणं, होतं, ऑडिटमध्ये पासही झालेलं. जमिनीवर नव्हतं.

माझं या विषयातलं म्हणणं एवढंच आहे, माल कुठं ठेवलाय हे विचारण्याआधी तो कुठं भेटेल हे विचारा. नालीत भेटतो. ईटीपीच्या खड्ड्यात भेटतो. एकाच नरसाळ्यात भेटतो, त्या युनिटमध्ये ॲसिडला आणि हायपोला एकच नरसाळं आणि एकच हँडपंप होता, मधे पाण्यानं धुवायचे, आणि मेमध्ये एमआयडीसीचं पाणी कमी आलं की धुणंही थोडक्यात व्हायचं. रिकाम्या कॅनमध्ये भेटतो. सफाईवाल्याच्या बादलीत भेटतो. आणि जसं त्या रात्री झालं तसं, सांडलेलं आवरताना भेटतो. म्हणून चुना, वाळू, सोडा ॲश हीसुद्धा साठवणुकीच्या नकाशात बसवायची चीज आहे, ती कुठं आहे आणि तिच्या शेजारी काय आहे हे ठरलेलं पाहिजे.

टँकरच्या पाईपाच्या तोंडाशी भेटतो ते तर सगळ्यात वाईट, कारण तिथं माल लिटरमध्ये नसतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात ॲचिसन इथं एमजीपी नावाच्या कारखान्यात २१ ऑक्टोबर २०१६ ला टँकरमधलं सल्फ्युरिक ॲसिड चुकून हायपोच्या टाकीत गेलं, दोन्ही पाईपांची तोंडं जेमतेम दीड फुटावर, दिसायला सारखी, आणि हायपोच्या पाईपाचं कुलूप उघडं राहिलेलं. १४० च्या वर लोकांना उपचार घ्यावे लागले. या युनिटमध्येही मागच्या भिंतीला तीन तोंडं ओळीनं होती, कॉस्टिक, हायपो आणि ॲसिड, तिन्हीला एकाच मापाचं कपलिंग, नावं ऑईल पेंटनं लिहिलेली आणि उडालेली.

जागेवरून वाद झाला, तो खरा वाद होता. मालक म्हणाले, "प्लॉट वाढत नाही, शेड वाढत नाही, तुम्ही सांगता सहा गट वेगळे करा, मग धंदा रस्त्यावर करू का?" त्यांचं बरोबर होतं. लहान युनिटला मोठ्या कंपनीचा लेआऊट सांगणारे सल्लागार येतात आणि जातात, गोदाम आहे तसंच राहतं. म्हणून आम्ही आधी माल कमी केला. रिकामे कारबॉय त्याच आठवड्यात परत, आणि इथून पुढं भरलेले आले की त्याच टेम्पोत रिकामे गेलेच पाहिजेत. या एका नियमानं ॲसिडचा अर्धा बे मोकळा झाला. ग्लेशियल ॲसेटिक महिन्याला दोनच कॅन लागायचे आणि स्वस्त पडतात म्हणून वर्षाचे घेतलेले, ते बंद. टीसीएल शेडमधनं पूर्ण बाहेर, मागच्या बाजूला वेगळ्या कोरड्या खोलीत, उंच ओट्यावर, कारण तिला ओलही चालत नाही आणि ॲसिड, तेल, डिझेलही नाही. खोलीचं कुलूप वेगळं. चुना गेटजवळ लाल झाकणाच्या ड्रममध्ये, पोत्यात ठेवायचाच नाही. अंधारात हात लावला तरी ड्रम आणि पोतं वेगळं कळतं, आणि हे मला फोटो-पाट्यांपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

हायपो आणि कॉस्टिक शेजारी राहू दिले. हायपोत स्वतःच थोडं मोकळं कॉस्टिक असतं, ते त्याला टिकवायलाच असतं, त्यामुळं या दोघांचं वैर नाही, आणि जागा नसेल तिथं कोण कुणाजवळ चालतो हेसुद्धा माहीत पाहिजे. नुसती नाही-नाहीची यादी दिली की माणूस सगळीच यादी सोडून देतो. त्यांचा बे शेडच्या उत्तरेला नेला, ऊन कमी लागतं. हायपो गरम झालं की भराभर फुटतं, दर १० अंशांना वेग तिप्पट-साडेतिप्पट होतो, जोर तर जातोच, शिवाय ऑक्सिजन सुटून कॅन फुगतात, लोखंड-तांब्याचा अंश असला तर जास्तच. झाकणं व्हेंटवाली घेतली. पेरॉक्साईडलाही तशीच, आणि त्याचे पॅलेट प्लास्टिकचे.

नाली बुजवली. यावर पैसा लागला आणि यावर मी हटलो नाही. प्रत्येक बेला स्वतःचा ओटा, स्वतःची कड, सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के माल आत मावेल एवढी, आणि आतला खड्डा आंधळा, कुठंच न जाणारा. त्यात साचलेलं पीएच बघून, काय आहे ते ओळखून मगच पंपानं काढायचं. ॲसिडच्या बेमधली शहाबादी उखडून ॲसिडप्रूफ टाईल आणि सांध्यात इपॉक्सी. नायट्रिकला बाकी ॲसिडांपासून वेगळा छोटा ओटा, भुसा हाकलला, कोरडी वाळू ठेवली. भिंतीवरची तीन तोंडं तीन मापांची झाली, ॲसिडचं तोंड दुसऱ्या भिंतीला गेलं, चाव्या केमिस्टकडं. नरसाळी आणि पंप रंगानुसार, आणि ते खुंटीला त्या-त्या बेमध्येच.

अंधार पडल्यावर माल उतरवायचा नाही, हा नियम करताना स्टोअरवाला हसला, कारण टेम्पो कधी येईल हे कुणाच्या हातात नसतं. मग ठरलं की उशिरा आलेला टेम्पो गेटच्या आत, पत्र्याखाली, उतरवल्याशिवाय रात्रभर उभा राहील आणि ड्रायव्हरच्या रात्रीचे पैसे युनिट देईल. हे पैसे मालकानं खळखळ न करता मान्य केले. नियम टिकतो तो अशा पैशावर, नुसत्या सहीवर टिकत नाही.

सेफ्टी शॉवर आधीपासून होता, पण एमआयडीसीच्या लाईनला जोडलेला. डोळ्यात-अंगावर पडलं तर १५ मिनिटं सलग पाणी लागतं, शॉवरचं मिनिटाला साधारण ७५ लिटर धरलं तर अकराशे लिटरच्या वर. जायकवाडीचं पाणी कमी झालं की उन्हाळ्यात लाईनला पाणी असेलच असं नाही, म्हणून दोन हजार लिटरची वेगळी टाकी, तिला दुसरा नळच नाही. आणि टाकी सावलीत, नाहीतर मेमध्ये उकळतं पाणी अंगावर यायचं.

भिंतीवरचा इंग्रजी तक्ता काढला. त्याच्या जागी मराठीत मोठ्या अक्षरात प्रत्येक बेवर तीनच ओळी, इथं काय, याच्याजवळ काय आणायचं नाही, सांडलं तर काय टाकायचं. हमालांना एकदा गोळा करून तेच तोंडी सांगितलं, ज्यानं टीसीएल टाकली होती त्याच पोरानं बाकीच्यांना चुन्याचा ड्रम आणि टीसीएलची खोली फिरवून दाखवली. त्याला कुणी दोष दिला नाही आणि तो कामावरही आहे.

गच्चीवरनं बाहेरच्या बाजूनं लोखंडी जिना बसला. पोरांची झोपायची सोय एमआयडीसीबाहेर भाड्याच्या खोलीत करा हे माझं म्हणणं मालकांनी अजून मानलेलं नाही, वॉचमनशिवाय दोघं तिथंच राहतात, आणि मी दर वेळी तेच परत सांगतो. हायपोच्या आयबीसी टाक्या चारवरनं दोनवर आणायचं ठरलं होतं, सीझनमुळं सध्या तीन आहेत. शेजारच्या युनिटच्या सुपरवायझरचा नंबर वॉचमनच्या खोलीत लिहून ठेवलाय, कारण त्या रात्री त्यांची नाईट शिफ्ट वाऱ्याच्या दिशेला होती आणि त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, वास आला म्हणून ते स्वतःहून बाहेर पडले. गेटवर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा लावायचा बाकी आहे, तो या आठवड्यात लागेल.